पोकळ फळीच्या पोटात

पाण्यावर उभे राहून वल्हवायची लाकडी फळी, म्हणजे स्टँड-अप पॅडलबोर्ड किंवा नुसतेच ‘सप’, आता फोटोंतून सगळ्यांच्या ओळखीची झाली आहे. लालसर सीडरच्या पट्ट्या, मधोमध एक गडद रेघ, वर चकचकीत थर. पाहणारा दोन प्रश्न हमखास विचारतो : लाकूड कोणते आणि वजन किती? पहिल्याचे उत्तर मालक मोकळ्या आवाजात देतो. दुसऱ्याचे देताना आवाज जरा खाली उतरतो. असे बोर्ड घरी बांधणाऱ्यांच्या शेडमध्ये मी बराच काळ वावरलो आहे. तिथे एक गोष्ट पक्की कळली. वजनाचा निकाल त्या देखण्या लाकडात लागत नाही. तो लागतो आतल्या बरगड्यांत, रेझिनच्या भांड्यात आणि डेकवरच्या करंगळीएवढ्या भोकात. यातले काहीच फोटोत येत नाही.

या पोकळ फळीचे मूळ होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये आहे. विस्कॉन्सिनमध्ये जन्मलेला टॉम ब्लेक हा जलतरणपटू १९२०च्या दशकात हवाईत पोहोचला आणि म्युझियममधल्या, अबनेर पाकी या सरदाराच्या जुन्या फळ्यांपाशी खिळला. एकेका फळीचे वजन ७० किलोंच्या आसपास. ब्लेकने त्यांची डागडुजी केली आणि तशीच एक फळी रेडवूडमध्ये घडवायला घेतली. लाकूड फार जड वाटले म्हणून त्याने तिला आरपार शेकडो छिद्रे पाडली, ती महिनाभर वाळू दिली आणि दोन्ही अंगांनी पातळ लाकूड चिकटवून छिद्रे झाकून टाकली. १९२८ साली कॅलिफोर्नियात कोरोना डेल मारच्या शर्यतीत ही फळी घेऊन तो उतरला, तेव्हा सुरुवातीला तो मागे पडला आणि काठावरचे लोक उघडपणे हसले. हे त्यानेच लिहून ठेवले आहे. काही मिनिटांनी तो सगळ्यांच्या पुढे निघाला आणि मोठ्या अंतराने जिंकला. जुन्या जड फळीची नक्कल करायला बसलेल्या माणसाच्या हातून पोकळ फळी जन्माला आली ती अशी.

पुढे त्याने छिद्रांचा नाद सोडला आणि आत आडव्या बरगड्या घालून फळी खरोखरच पोकळ केली. होनोलुलूच्या आला वाई कालव्यातल्या शर्यतींत तिने वेगाचे विक्रम मोडले, आणि अशी फळी शर्यतीत चालावी का, यावर जोरदार कुरबुरी झाल्या. १९३२ साली अमेरिकेत तिला पेटंट मिळाले. त्याच वर्षी ब्लेक आणि त्याचे दोन सोबती पोकळ फळ्यांवरून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून कॅटलिना बेटापर्यंत हातांनी पाणी कापत गेले. ब्लेकला सहा तासही लागले नाहीत. इतके झाल्यावर माणूस आपली मापे तिजोरीत ठेवेल, असे वाटते. ब्लेकने जुलै १९३७च्या ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’मध्ये ती आराखड्यासकट छापली. घरच्या शेडमध्ये बोर्ड बांधण्याची परंपरा पेटंट ज्याच्या हाती होते, त्यानेच सुरू करून दिली.

त्या घरगुती फळ्या सर्रास गळत. म्हणून प्रत्येकीला एक बूच असे. किनाऱ्यावर आले की फळी उभी करायची, बूच काढायचे आणि पोटातले पाणी ओतून द्यायचे. ब्लेकची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. १९३५ साली एका मोडीत निघालेल्या स्पीडबोटीचा धातूचा कणा त्याने फळीच्या बुडाला बसवला आणि लाटेवर आडवी घसरणारी फळी ताब्यात आली. आज या ‘पंखा’शिवाय बोर्ड क्वचितच बांधला जातो. त्या काळी मात्र सर्फरांना तो पटायला दहा वर्षे लागली.

आता आपल्याकडच्या लाकडाकडे येतो, कारण इथे एक नाते आहे आणि ते फारसे कोणाला ठाऊक नाही. हवाईच्या राजघराण्यातले लोक ज्या लांबलचक ‘ओलो’ फळ्या वापरत, त्यांच्यासाठी विलीविली या झाडाचे लाकूड पसंत केले जाई. विलीविली हा आपल्या पांगाऱ्याचा सख्खा भाऊबंद. दोघेही एरिथ्रिना या प्रजातीतले. कोकणात पांगारा कुंपणाला लावतात, त्यावर मिरीचे वेल चढवतात, आणि सावंतवाडीच्या खेळण्यांच्या कारागिरांनी त्याचे हलके, मऊ लाकूड पिढ्यान्‌पिढ्या कोरले आहे. हे कळल्यावर सिंधुदुर्गातल्या एका हौशी बांधकऱ्याने पांगाऱ्याच्याच पट्ट्यांचा बोर्ड करायचे ठरवले. आमच्या सुतारकाकांनी ओंडका बोटाने दाबून पाहिला आणि म्हणाले, “लाकूड हलकंच आहे हो, पण तुमच्याआधी किडीला कळलंय ते.” खेळण्यापुरता सरळ तुकडा त्यात सापडतो, दहा फुटी सरळ, निरोगी पट्टी सापडत नाही. शेवटी त्या पांगाऱ्याची फक्त एक चिंचोळी पट्टी डेकच्या मधोमध बसली. पाहणाऱ्यांना ती नक्षी वाटते. बांधणाऱ्यासाठी तो हवाईशी जोडलेला धागा आहे, आणि मी तरी तो बोर्ड त्या पट्टीवरूनच ओळखतो.

मग लाकूड घ्यायचे कोणते? साधा हिशेब सांगतो. साडेदहा फूट लांब आणि ३० इंच रुंद बोर्डाचे वरखालचे मिळून क्षेत्रफळ सव्वाचार चौरस मीटरच्या आसपास भरते. त्यावर ४ मिलिमीटर जाडीचे आवरण चढवायचे, तर सागवानाचे ११ किलोंच्या घरात जाते, लाल सीडरचे सव्वासहा किलो आणि पावलोनियाचे पाच किलोंच्याही आत. बाजारातला फोमचा बोर्ड बहुधा १० ते १३ किलोंचा असतो. म्हणजे सागवानाचे नुसते आवरणच त्याची बरोबरी करते. आतला सांगाडा, काचकापड (फायबरग्लास), रेझिन सगळे अजून बाकी. तरीही दर वेळी कोणीतरी आजोबांच्या वाड्यातली सागवानी तुळई घेऊन शेडमध्ये येतोच. अशा एकाची समजूत घालून आम्ही त्या तुळईचे वल्ह्याच्या मुठीपुरते लाकूड घेतले. तो खूश होऊन गेला. वल्हे सतत हातात राहते, बोर्डाला फक्त पाय लागतात.

सांगाडा म्हणजे मधला कणा आणि त्याला आडव्या बरगड्या, ४ ते ६ मिलिमीटर प्लायच्या. बरगड्यांना मोठी गोल भोके पाडतात. नव्या माणसाला वाटते, ही भोके वजन घटवण्यासाठी. सुतारकाकांना तर ती अजिबात मंजूर नव्हती. “एवढी भोकं पाडल्यावर बरगडी उरली कुठं?” पुण्याजवळच्या एका बांधकऱ्याने त्यांचे ऐकले, दोन बरगड्या भक्कम म्हणून बंदच ठेवल्या आणि डेक चिकटवून टाकला. बोर्ड उन्हात ठेवल्यावर मधला भाग ठीक राहिला, नाकाकडचा आणि शेपटाकडचा डेक मात्र फुगून वर आला. डेकवरच्या हवेच्या भोकाला मधल्याच कप्प्यातली हवा बाहेर सोडता येत होती. बाकीच्या दोन कप्प्यांना वाटच नव्हती. वजनासाठी वाटणारी भोके खरे तर श्वासासाठी असतात, हे ज्याने डेक परत कापून उघडला त्याच्याकडून मी शिकलो.

हवेचे भोक हा या कामातला सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग आहे. पोकळ बोर्डात दीडशे-दोनशे लिटर हवा असते. सकाळी २५ अंशांवर ती कोंडली आणि बोर्ड गाडीच्या टपावर ६० अंशांपर्यंत तापला, तर दाब साधारण बारा टक्के वाढतो. आकडा किरकोळ वाटतो. पण एकट्या डेकवर त्याचा जोर अडीच टनांच्या घरात जातो. मे महिन्यात पवना धरणाकडे निघालेल्या एका मित्राने पाणी आत जाईल या भीतीने मळसूत्री बूच घट्ट आवळून ठेवले होते. वाटेत चहाला थांबलो. ग्लास हातात येण्याआधीच पार्किंगमधून फट्‌दिशी आवाज आला आणि कडेचा सांधा वीतभर उकलला. हॉटेलचा मालक धावत येऊन टायर तपासू लागला. चारही टायर शाबूत होते.

याचा उलटा प्रकार अधिक फसवा असतो. तापलेला बोर्ड थेट गार पाण्यात टाकला, की आतली हवा आकसते आणि कुठे सुईएवढे जरी छिद्र राहिले असेल तरी त्यातून पाणी आत ओढून घेते. बोर्ड तरंगतो, चालतो, कोणाला काही कळत नाही. फक्त दर फेरीला तो थोडा जड होत जातो. म्हणून आता पुष्कळ जण हवा जाऊ देणारे आणि पाणी अडवणारे पापुद्र्याचे बूच बसवतात. एका बांधकऱ्याने ते महाग म्हणून टाळले होते. त्याच्या बोर्डाच्या पोटातून पुढे जे पाणी निघाले, ते पाहून त्याच्या शेजाऱ्याने आपल्या नव्या बोर्डासाठी आधी ते बूच मागवले आणि मग लाकूड.

रेझिनचे किस्से तर संपणारे नाहीत. इपॉक्सी रेझिन आणि हार्डनर खोल भांड्यात एकत्र करून ठेवले, की त्यांची उष्णता त्यांच्यातच कोंडते. आपल्या उन्हाळ्यात काही मिनिटांत धूर निघू लागतो आणि हाती दगड उरतो. जाणते लोक ते लगेच पसरट ट्रेमध्ये ओततात. पावसाळ्यात दुसरी तऱ्हा. दमट हवेत थरावर मेणचट साय धरते, आणि ती पाण्याने घासून न धुता पुढचा थर दिला तर तो धरत नाही. मात्र सर्वांत मोठी गंमत वेळेची आहे. लाकडाच्या छिद्रांतही हवा असते. सकाळी काम सुरू केले, की दिवस तापत जातो, लाकडातली हवा फुगते आणि ओल्या रेझिनमधून बुडबुडे काढत राहते. पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी नऊला हौसेने कापड चढवणारे लोक दुपारी बुडबुडे फोडत बसलेले मी पाहिले आहेत. तेच काम सूर्य कलल्यावर, तापमान उतरत असताना केले, तर लाकूड रेझिन आत ओढून घेते. एका काकू नवऱ्याला नेहमीच बजावत, “दिवसा बँक, संध्याकाळी फळी.” इपॉक्सीचे शास्त्र त्यांना कोणी शिकवले नव्हते, पण वेळापत्रक अचूक होते.

‘लाकूड पाण्यात टिकणार का?’ असे विचारणाऱ्यांना मी गोव्याच्या दिवाडी बेटाकडे बोट दाखवतो. तिथे रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात नौदलाची ‘म्हादेई’ बांधली गेली : ५६ फुटी शिडाची नौका, सीडरच्या पट्ट्यांचा गाभा आणि त्यावर काचकापड व इपॉक्सी. आमच्या शेडमधल्या बोर्डाची कृती तीच, आकार फक्त वेगळा. २००९च्या ऑगस्टमध्ये दिलीप दोंदे तिच्यातून एकटे निघाले आणि पुढच्या मे महिन्यात पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. पुढे अभिलाष टॉमी त्याच नौकेतून कुठेही न थांबता जगाला वळसा घालून आले. इतकी साक्ष असूनही, शंका घेणारा माणूस खडकवासल्याच्या पाण्यात लाकूड कुजेल म्हणून प्लास्टिकचा बोर्ड घेऊन येतो.

बांधणाऱ्यांत दोन गट आहेत आणि त्यांची चुरस जुनी आहे. एक पट्टीवाले, दुसरे शिवणवाले. पट्टीवाले अरुंद पट्ट्या एकीला एक चिकटवत आकार उभा करतात. शिवणवाले पातळ प्लायचे तुकडे कापतात, कडांना भोके पाडून तांब्याच्या तारेने टाके घालतात, आतून इपॉक्सीने सांधा भरतात आणि तारा काढून टाकतात. शिवणीच्या पद्धतीला जगभर नाव मिळाले ते ब्रिटनमध्ये १९६३ साली आलेल्या ‘मिरर’ या घरी बांधायच्या होडीमुळे. तिच्या मागे जॅक होल्ट हा नौकारचनाकार होता आणि बीबीसीवर घरगुती दुरुस्त्या शिकवणारा बॅरी बकनेल. आमच्याकडचे पट्टीवाले तिला ‘साहेबाचं शिवणकाम’ म्हणून हिणवत. मग २०२५ मध्ये गोव्यात बांधलेली ‘कौंडिण्य’ ही नौका नौदलात दाखल झाली. फळ्या काथ्याने शिवून, आपल्या किनाऱ्याच्या प्राचीन पद्धतीने. त्या आठवड्यात शिवणवाल्यांनी शेडमध्ये पेढे वाटले आणि पट्टीवाल्यांनी ते खाल्ले.

ऑस्ट्रेलियातही अशी एक चुरस रंगली होती. तिथले लोक सोळा फुटी पोकळ प्लायच्या फळ्या वापरत. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकच्या सुमारास अमेरिकन जीवरक्षक आखूड, चपळ बाल्सा बोर्ड घेऊन तिथे पोहोचले आणि स्थानिक फळ्या एका मोसमात जुन्या झाल्या. सगळ्यांना बाल्सा हवा होता, आणि तो मिळत नव्हता. तेव्हा बांधणाऱ्यांनी परदेशी बोर्डाचा आकार घेतला आणि तो आपल्या जुन्या पद्धतीने, पोकळ प्लायमध्ये उतरवला. हरलेल्या फळीचे तंत्र जिंकलेल्या फळीच्या पोटात जाऊन बसले.

उभे राहून वल्हवण्याची कथा पुष्कळदा सांगितली गेली आहे : हवाईतल्या वायकीकीचे, पर्यटकांना सर्फिंग शिकवणारे बीचबॉइज, पुढे लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा हे सर्फर. आतली बाब एवढीच, की हॅमिल्टन आणि कलामा यांनी सुरुवात केली तेव्हा हातातली होडीची वल्ही फारच आखूड पडत होती आणि लांब वल्ही मुद्दाम करवून घ्यावी लागली. नव्या खेळाची अडचण फळीत नव्हती, दांड्यात होती. मालवणकडे आमचा पहिला बोर्ड वाळूवर ठेवला, तेव्हा एका वयस्कर मच्छीमार काकांनी विचारले, “ह्येच्यार उभो कोण रवतलो?” मग स्वतःच बांबू घेऊन त्यावर चढले आणि खाडीत एक लांब फेरी मारून आले. अरुंद होडीत उभे राहून बांबूने रेटा देण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना ३० इंची रुंदी म्हणजे ओसरी वाटली असणार.

या खेळाच्या मालकीवरूनही मोठा कज्जा झाला. सर्फिंगची आंतरराष्ट्रीय संघटना म्हणे फळी आमची. कनू खेळाची संघटना म्हणे वल्हे आमचे. प्रकरण लोझानच्या क्रीडा लवादापर्यंत गेले. ऑगस्ट २०२०च्या निकालानुसार ऑलिंपिक पातळीवरचा अधिकार सर्फिंगवाल्यांना मिळाला आणि स्पर्धा भरवायची मोकळीक कनूवाल्यांनाही राहिली. एवढे भांडण ज्याच्यासाठी झाले, त्या ऑलिंपिकमध्ये सप अजून आलेलाच नाही. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने तर २००८ सालीच वेगळा निर्णय दिला होता : पोहण्याच्या आणि सर्फिंगच्या हद्दीबाहेर गेला की सप हे जलयान. शेडमध्ये रंध्याखालून निघालेली फळी हद्द ओलांडताच जहाजांच्या नियमात बसते आणि लाइफ जॅकेट सोबत ठेवावे लागते. आपल्याकडे ते धरणातही घालावे, हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

आता शेवटचा किस्सा, वजनाचा. पुण्यातल्या एका पट्टीवाल्याने आणि एका शिवणवाल्याने एकाच लांबी-रुंदीचे बोर्ड बांधायला घेतले. पट्टीवाल्याने लांबून पावलोनिया मागवला, महाग आणि सुरेख. शिवणवाल्याने ३ मिलिमीटरचा ओकुमे मरीन प्लाय घेतला. आवरणाच्या हिशेबात पट्टीवाला पाऊण किलोने पुढे होता आणि त्याला ते पक्के माहीत होते. मग रेझिनची पाळी आली. रेझिनचा एक जादा हात म्हणजे सबंध बोर्डावर पाऊण किलो. पावलोनियाचा रंग खुलतो म्हणून पट्टीवाल्याने एकावर एक हात दिले, आतूनही दिले. शिवणवाला मात्र प्रत्येक भांडे मोजून घेई, कापड भिजले की रबरी पट्टीने जादा रेझिन ओढून काढी आणि कापडाचे विणकाम दिसत राहील इतपतच ठेवी. ओढून काढलेले तो एका रिकाम्या डब्यात टाकत असे. आम्हाला वाटे, फेकायचा आळस असेल.

बॅगा तोलायच्या काट्याला दोन्ही बोर्ड टांगले गेले. पावलोनियाचा बोर्ड प्लायच्या बोर्डापेक्षा दीड किलोहून जास्त जड भरला. पट्टीवाल्याने काट्यावर शंका घेतली, बोर्डांची अदलाबदल केली, पुन्हा टांगले. फरक हलला नाही. तेव्हा शिवणवाल्याने कोपऱ्यातला तो डबा आणून काट्याला लावला. घट्ट झालेल्या रेझिनचा तो गोळा होता आणि दोघांच्या बोर्डांतला बराचसा फरक त्यातच भरला. पट्टीवाला बराच वेळ तो डबा हातात घेऊन उभा होता. पुढच्या बोर्डासाठी त्याने पुन्हा पावलोनियाच मागवला, पण त्याआधी शंभर ग्रॅमच्या आत मोजणारा वजनकाटा आणला, आणि डबा शिवणवाल्याकडून मागून नेला.